आकाशातली जागा

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, एक लहानशी पुस्तिका आहे. पुठ्ठ्याचे आवरण, आत नाव, गाव आणि ओळीने मारलेले पोस्टाचे शिक्के. दरसाल आजोबा ती घेऊन तालुक्याच्या पोस्टात जात, पैसे भरत, शिक्का मारून घेत आणि मग वर्षभर निर्धास्तपणे बातम्या आणि कीर्तने ऐकत. तो होता रेडिओ ऐकण्याचा परवाना. आज कोणाला सांगितले तर हसू येते. परंतु १९३३ सालच्या कायद्याप्रमाणे बिनपरवाना रेडिओ घरात बाळगणे हा गुन्हा होता आणि आजोबा कायद्याला भिणारे गृहस्थ होते.

गेल्या वर्षी ती पुस्तिका मी सातवीच्या वर्गात नेली. मुलांनी ती हातोहात फिरवली, शिक्क्यांच्या तारखा वाचल्या. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, ऐकायला परवाना लागत होता, तर बोलायला कुणाचा लागतो?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गोष्टी-कादंबऱ्या लिहिणे वेगळे आणि सरकारी राजपत्र वाचणे वेगळे. तरी वर्षभर जमेल तसे वाचले. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी कायद्याच्या गोष्टी मांडतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. विषय मुंबईचा आहे आणि गाण्यांचाही आहे.

बोलायच्या परवान्याचे मूळ १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्यात आहे. तारा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारचा. दुसऱ्या कोणाला तो हवा असेल तर त्याने परवाना मागावा, असे त्या कायद्याचे चौथे कलम सांगत होते. तो कायदा झाला तेव्हा बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी अकरा वर्षांचा पोर होता. म्हणजे ज्या वस्तूचा शोधच लागलेला नव्हता, तिच्यावरची मालकी सरकारने आधीच राखून ठेवल्यासारखे झाले. पुढे रेडिओ आला तो आपोआप त्या मालकीत जाऊन बसला, आणि पुढली शंभरावर वर्षे बसून राहिला. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने केला तो २०२३ साली.

मुंबईत १९२३ साली हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने थोडेफार ध्वनिक्षेपण केले. खरा व्यापारी परवाना मिळाला तो इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीला, आणि तिचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. परवान्याची रचना मोठी गमतीची होती. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरायचे. त्यांतले आठ कंपनीला, उरलेले सरकारला. कंपनीचे पोट श्रोत्यांच्या संख्येवर आणि श्रोते जमायचे कंपनीच्या कार्यक्रमांवर. कागदावर हे ठीक दिसले. प्रत्यक्षात रेडिओचा संच महाग, केंद्राची शक्ती बेताची, चोरून ऐकणारे पुष्कळ. सबंध देशात परवान्यांनी आठ हजारांचा आकडा काही गाठला नाही. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी मोडली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. पुढल्याच वर्षी सरकारनेही तो बंद करायचे जाहीर केले होते. लोकांनी ओरड केली म्हणून राहिला. १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

यानंतरची पासष्टेक वर्षे मुंबईच्या आकाशात नव्या खाजगी केंद्राला जागा नव्हती. पण व्यापारी रेडिओ मुंबईने ऐकला नाही, असे मात्र नाही! पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावून घेतले, तेव्हा ती गाणी कोलंबोहून, रेडिओ सिलोनवरून येऊ लागली. अमीन सायानींची बिनाका गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, विमानाने कोलंबोला जायची आणि लहरींवर बसून मुंबईला परत यायची. परवान्याचा कायदा वांद्र्याला चालत होता. समुद्रावरून येणाऱ्या गाण्याला कोण अडवणार? अखेर १९५७ साली विविधभारती निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. दुकान सरकारचेच, फक्त आता त्यात दुसऱ्यांचा माल विकायला ठेवला. १९९३ साली सरकारने आकाशवाणीच्या एफ. एम. वाहिनीवरचे काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले आणि १९९८ साली ते परतही घेतले. भाडेकरूची कथा भाडेकरूसारखीच संपली.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. कलकत्त्याच्या क्रिकेट सामन्यांचे चित्र कोणी दाखवायचे, यावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात तंटा झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायपीठावर तिघे न्यायमूर्ती होते. त्यांत आपले पी. बी. सावंत होते. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. एवढे वाक्य पुष्कळांना पाठ आहे. पण त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. लहरींचे नियमन करण्यासाठी समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेली, सरकारपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक संस्था केंद्राने उभारावी, असेही न्यायालयाने फर्मावले होते. १९९७ साली तसे एक विधेयक लोकसभेत आले. ती लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले.

संस्था झाली नाही. लिलाव मात्र झाला.

१९९९ साली सरकारने चाळीस शहरांतल्या १०८ वाहिन्या पुकारल्या. उघड बोली, जो जास्त देईल त्याची जागा. मुंबईतल्या वाहिनीचा वार्षिक आकार पावणेदहा कोटी रुपयांवर गेला आणि त्यावर दरसाल पंधरा टक्के वाढ, अशी दहा वर्षे. हे गणित मी दहावीच्या मुलांना घातले, कारण चक्रवाढ शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. दहाव्या वर्षाचा हप्ता येतो ३४ कोटी ३० लाखांचा आणि दहा वर्षांची बेरीज १९८ कोटींच्या घरात. एका मुलीने उत्तर काढून झाल्यावर विचारले, "मग ते लोक खाणार काय?" हाच प्रश्न बोली करणाऱ्यांनी स्वतःला थोडा उशिरा विचारला. पुष्कळांनी पैसे न भरता काढता पाय घेतला. १०८ पैकी प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या बारा शहरांतल्या २१ वाहिन्या. पहिली ३ जुलै २००१ रोजी बंगलोरला लागली; मुंबईची केंद्रे २००२ च्या उन्हाळ्यात बोलू लागली.

तो उन्हाळा मला स्वच्छ आठवतो. मी नुकताच नोकरीला लागलेला, डोंबिवलीला राहणारा. लोकलच्या डब्यात जो तो कानात वायर घालून बसू लागला. पहिले काही दिवस नवलाईचे गेले. मग ध्यानात आले की कळ फिरवली तरी गाणे तेच. इथे संपले की शेजारी सुरू होते. त्या वेळी आम्ही निवेदकांना नावे ठेवली. आता कळते की त्या बिचाऱ्यांचा त्यात दोष थोडा. ज्याच्या डोक्यावर दरसाल पंधरा टक्क्यांनी फुगणारा हप्ता आहे, तो नाट्यसंगीत कशाला लावील? तो लावणार सर्वांत जास्त कानांना खेचणारे गाणे. शेजारचाही तेच लावणार, कारण त्याचाही हप्ता तोच. बाजारात गाळ्याचे भाडे अवाच्या सवा झाले की एकामागून एक सगळे गाळे मोबाइलची दुकाने होतात, तसे हे झाले. आणि मराठी? मुंबईच्या आकाशात तिला गाण्यामागे गाणे मिळायला पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली.

सरकारला चूक उमगली, हे कबूल केले पाहिजे. २००३ साली अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २००४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे वर्तमानपत्रे ज्याला ट्राय म्हणतात त्याच्याकडे, ध्वनिक्षेपणाचा विषय आला. मात्र ट्रायने शिफारस करायची आणि परवाना द्यायचा तो माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाने. जुलै २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे धोरण निघाले. फुगता हप्ता गेला. आता प्रवेशाची रक्कम एकदाच, तीही बंद पाकिटातून. त्यानंतर दरसाल मिळकतीच्या चार टक्के, किमान रकमेचे बंधन ठेवून. या वेळी ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या होत्या आणि त्यांत आपली कोल्हापूर, सोलापूर, सांगली, जळगाव यांसारखी गावे आली. लहान गावांना स्वतःचा रेडिओ मिळाला तो या सुधारणेमुळे, हे श्रेय तिचे तिला द्यावे.

त्याच जुलैतल्या २६ तारखेला मी दादरहून घरी निघालो होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे पुढे वाचले. तेव्हा एवढेच दिसत होते की कुर्ल्याच्या पुढे गाडी उभी आहे आणि रूळ नाहीसे झाले आहेत. रात्र डब्यातच काढली. एका गृहस्थांकडे खिशातला रेडिओ होता. आम्ही पंचवीस-तीस माणसे त्याच्याभोवती गोळा झालो. एका केंद्रावर, कुठल्या ते आठवत नाही, बराच वेळ पावसाची प्रेमगीते चालू होती! एका बाईंना रडू आले. मग दुसरीकडे एक निवेदिका कुठे पाणी किती आहे, कोणी घराबाहेर पडू नये, असे सांगताना सापडली आणि डबा एकदम शांत झाला. तिच्या आवाजावर आम्ही ती रात्र काढली.

खाजगी केंद्राला बातम्या देण्याची मनाई होती. त्या निवेदिकेने सांगितले ती बातमी होती की नव्हती? रस्त्यावर पाणी आहे, ही बातमीच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर सरकारने सहा वर्षांनी, २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात दिले. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती या गोष्टींना बातमी मानू नये, असे त्यात नमूद केले. शिवाय आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, एक शब्द न बदलता लावायची मुभा दिली. म्हणजे पूर आला आहे हे शहराला सांगता येईल. नाला का साफ झाला नव्हता, हे विचारता येणार नाही. वर्तमानपत्राला जे कोणी कधी विचारले नाही, ते रेडिओला विचारले जाते, कारण कागद ज्याचा त्याचा आणि लहर परवान्याची. ट्रायने २०२३ साली तासाला दहा मिनिटे बातम्यांची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली.

नवे केंद्र निघते कसे, ते आता थोडक्यात सांगतो. कंपनी इथे नोंदलेली हवी आणि तिची ऐपत सिद्ध व्हावी. धार्मिक संस्था, राजकीय पक्ष आणि जाहिरातसंस्था यांना प्रवेश नाही. बोली जिंकली की आधी इरादापत्र, मग करार. त्यानंतर मनोरा कुठे उभारायचा याची वेगळी संमती, कारण विमानांना अडथळा नको. मग लहर वापरण्याचा परवाना दळणवळण खात्याकडून. त्याशिवाय एका शहरातल्या केंद्रांनी मनोरा सामायिक वापरायचा. एवढी दारे ओलांडली की केंद्र बोलते.

आणि जागा किती? मुंबईच्या रेडिओवर काटा फिरवून पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर दोन केंद्रांत ०.८ चे अंतर. हे अंतर निसर्गाने घातलेले नाही, नियमाने घातले आहे. एकाच शहरात दोन केंद्रांत ८०० किलोहर्ट्झ सोडायचे. ट्रायने २०१२ साली ते निम्म्यावर आणावे असे सुचवले होते. अंतर निम्मे तर जागा दुप्पट, आणि जागा दुप्पट झाल्या की किंमत उतरणार, हे भाजीबाजारात जाणाऱ्या कोणालाही कळेल. २०१५ साली तिसऱ्या टप्प्याचा लिलाव संगणकावर झाला, तेव्हा मुंबईतल्या वाहिनीची बोली १२२ कोटींच्या वर गेली.

लिलावावाचून दुसरी रीत आहे काय, असे मला वाटू लागले. आणि एक शहर सापडले, तेही आपल्याला १८८५ चा कायदा देणाऱ्यांचे. लंडनमध्ये बी. बी. सी.ची मक्तेदारी पन्नासेक वर्षे चालली. तिथल्या पोरांनी समुद्रात जहाजे उभी करून चोरून गाणी लावली. शेवटी १९७२ साली कायदा झाला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात शहराला दोन व्यापारी केंद्रे मिळाली: एक गाण्यांचे आणि एक बातम्यांचे. बातम्यांचे आठ दिवस आधी सुरू झाले. आपल्याकडे जे निषिद्ध, तिथे त्यानेच मुहूर्त केला!

पुढे १९९० च्या कायद्याने शहरातले परवाने कसे द्यावेत ते ठरवले. पैशाची बोली नाही. अर्जदार मुदतभर केंद्र चालवू शकेल काय, तिथल्या लोकांच्या आवडीनिवडी तो भागवील काय, आहे त्या केंद्रांहून काही निराळे देईल काय, आणि त्याला स्थानिक लोकांचा पाठिंबा आहे काय, हे चार प्रश्न. तिसरा मला फार महत्त्वाचा वाटतो. निराळे दिल्याने आपल्याकडे परवाना मिळत नाही. तिथे तो त्याच्याच बळावर मिळू शके. त्याच सुमारास, १९८९ साली, पश्चिम लंडनमधल्या आपल्या लोकांसाठी सनराइज नावाचे केंद्र निघाले आणि साउथॉलच्या वाणसामानाच्या दुकानांतून हिंदी गाणी वाजू लागली. किस नावाचे चोरटे केंद्र तर परवान्याचा अर्ज करायचा म्हणून १९८८ च्या अखेरीस आपणहून बंद झाले. पहिल्या खेपेस जॅझ संगीतवाल्यांपुढे हरले, पुन्हा अर्ज केला आणि १९९० साली उजळ माथ्याने बोलू लागले. चोराला सावकार करणारा कायदा मला कथाकार म्हणून आवडला.

तिथेही रामराज्य नाही. निवड करणारी माणसेच. त्यांचीही मर्जी असते. केंद्रे पुढे मोठ्या कंपन्यांनी गिळली, जॅझच्या केंद्राचे २००५ साली नाव बदलले आणि संगीतही मऊ झाले. पण अर्ज करताना लोकांपुढे जाऊन "आम्ही अमुक लावू" असे सांगावे लागे, एवढे तरी होते. आपल्या लिलावात तो प्रश्नच कोणी विचारत नाही.

आपल्याला ती रीत ठाऊकच नाही असेही नाही. सामुदायिक रेडिओला आपण लिलाव लावलेला नाही. अर्ज, समिती, मुलाखत, मग परवानगी. म्हसवडला, माणदेशात, २००८ पासून बायका तसे केंद्र चालवत आल्या आहेत. पण त्याची शक्ती शंभर वॅट, आवाज दहाएक किलोमीटर जाणार आणि बातम्या त्यालाही बंद.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. यादीत आपले लातूर आहे, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव आहे. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना वाव मिळावा, असा हेतू सांगितला गेला. हेतू चांगला आहे. पण लातूरच्या माणसाला काय ऐकायचे आहे, हे लातूरच्या माणसाला विचारायची जागा त्या रीतीत मला कुठे सापडली नाही. आजोबा तरी पोस्टात पैसे भरत होते. त्यांच्या दहांतले आठ रुपये कधीकाळी कंपनीला जात, म्हणून कंपनीला त्यांच्या रुसव्याची भीती होती. ऐकण्याचा परवाना आता गेला, चांगलेच झाले. पण त्याबरोबर श्रोत्याचे नावही कागदावरून गेले.

वर्गात मी हे सारे दोन तासिकांत सांगितले. मुलांनी जांभया दिल्या, हे लपवत नाही. मागच्या बाकावरचा तो मात्र मधल्या सुट्टीत आला आणि म्हणाला, "शाळेच्या कर्ण्यावर बोलायला परवाना लागतो का?" मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, दहा मिनिटे बोलू द्या. तेव्हापासून दर बुधवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेचे केंद्र चालते. मी गाण्यांची यादी करून दिली होती. ती पोरांनी बाजूला ठेवली. पहिल्या बुधवारी त्यांनी सांगितले की पाण्याची टाकी तीन आठवडे धुतलेली नाही, पाचवीतल्या एकीची कंपासपेटी हरवली आहे, आणि सहावी 'ब'चा पंखा अजून बंद आहे. टाकी शनिवारी धुतली.